ओव्हाळच्या पायाची पट्टी

देहूरोडजवळच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत नाईक म्हणून माझी बदली झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. फौजेत कंपनी म्हणजे कारखाना नव्हे, माणसांची तुकडी. आमच्या तुकडीत ड्रायव्हर आणि तीन टनी लॉऱ्या. पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता, बाकी चाकणपर्यंत ज्वारी आणि कांदा. मी मावळातला, सातकरांच्या घरातला, जातीनं मराठा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा संबंध आहे.

दिवस ठरलेला असायचा. साडेपाचला फॉल-इन आणि पी.टी. आठला मेंटेनन्स परेड, म्हणजे ज्यानं त्यानं आपली गाडी पुसायची, तेल-पाणी बघायचं, नट आवळायचे. मग दिवसभर डेपोचा माल वाहायचा. साडेचारला गेम्स परेड. फौजेत खेळणंसुद्धा हुकमानं असतं, हे सिव्हिलमधल्या माणसाला गमतीचं वाटतं. खेळांचा कारभार सुभेदार साहेबांकडे. ते राजस्थानकडचे, बोलायचे कमी आणि बघायचे जास्त. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला हुतूतूच्या टीमचा कॅप्टन केलं.

टीममध्ये शिपाई सखाराम ओव्हाळ होता. श्रीगोंद्याकडचा, महार समाजातला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. अंगानं वाळका, पण दम असा की ऐकणाऱ्याचाच जीव घुसमटायचा. हुतूतूत, म्हणजे आजच्या कबड्डीत, एका दमात समोरच्यांच्या अंगणात जायचं, हात लावायचा आणि दम सुटायच्या आत परत यायचं. समोरच्यांनी धरून ठेवायचं. सारा खेळ शिवण्याचा आणि धरण्याचा. ओव्हाळला धरायला आम्ही तिघं-तिघं लागायचो.

आता तुम्ही म्हणाल, फौजेत जातपात कुठं? बरोबर आहे. लंगर एक, ताट एक, पाण्याचा नळ एक. पण मी नवा होतो तेव्हा ओव्हाळ ज्या बाकावर बसायचा त्या बाकावर बसत नव्हतो. कुणी सांगितलं नव्हतं. घरची सवय, पाय आपोआप दुसरीकडे वळायचे. खेळताना पहिल्यांदा मी त्याला धरलं ते बनियनला. तो सुटून गेला आणि लांबून हसला.

"उस्ताद, कापड काय धरता? हाड धरा की!"

फौजेत शिपाई नाईक-हवालदाराला उस्ताद म्हणतात. मला राग आला आणि दुसऱ्या चढाईत मी त्याची कंबर धरून त्याला असा आपटला की त्याचं कोपर सोलून निघालं. तो धूळ झटकत उठला. चेहऱ्यावर इतका आनंद, की मला कळेचना याला झालं काय. त्यानंतर मी त्याच्या बाकावर बसायला लागलो. फार मोठं काही केलं असं नाही, पण बसायला लागलो.

चैत्रात चाकणच्या अलीकडच्या एका गावानं जत्रेनिमित्त सामने ठेवले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझी सोयरीक आहे. तेव्हा ती ठरलेली होती, लग्न वैशाखात व्हायचं होतं. मुलीचा थोरला भाऊ मारुती गावच्या टीमचा कॅप्टन. त्यानंच आमच्या टीमला बोलावणं धाडलं. फौजेची टीम खेळायला येते म्हणजे गावाची शान. मलाही वाटलं, चला, सासुरवाडीला जरा रुबाब दाखवू.

निघायच्या आदल्या दिवशी सुभेदार साहेबांनी टीम समोर उभी केली. त्यांना काय अंदाज होता कोण जाणे.

"सातकर, टीम पूरी जाएगी, पूरी खेलेगी. समझे?"

"जी साब."

सकाळी सव्वासहाला लॉरी निघाली. चालवायला ओव्हाळच. निगडी, भोसरी, मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि साडेसातच्या आत आम्ही गावाच्या शिवारात. मैदान म्हणजे कापणी झालेलं वावर, ढेकळं फोडून सपाट केलेलं, चुन्याच्या रेषा मारलेल्या. गावातले दोघं-तिघं जाणते पुढं आले. आमच्याकडं माणसाला आधी पाणी विचारतात आणि लगेच गाव विचारतात. गाव विचारलं की आडनाव, आडनाव विचारलं की घर. प्रत्येकाची चौकशी झाली. ओव्हाळनं काहीही न लपवता सांगितलं. पाण्याचा तांब्या त्याच्यापर्यंत आलाच नाही. तो गाडीतल्या कॅनचं पाणी प्याला. मी ते पाहिलं आणि बुटाची नाडी बांधत बसलो.

आमचा पहिला सामना नऊ वाजता, भीमेकाठच्या एका टीमशी. पंच शाळेतले मास्तर होते. तिसरी चढाई ओव्हाळची. तो दम घेऊन आत शिरला आणि समोरचे सातही गडी भसकन मागं सरले. मला वाटलं, घाबरले. त्यानं हात पुढं केला, तसा त्यांचा एक गडी अंग चोरून सरळ रेषेबाहेर गेला. बाहेर गेला म्हणजे बाद! पुढच्या चढाईला दोघं गेले. लोक हसायला लागले. मग आमच्याही ध्यानात आलं. ते त्याला धरणार नव्हते. तो शिवेल म्हणून ते पळत होते.

खरं सांगतो, मला तेव्हा उकळ्या फुटल्या. फुकटचे पॉइंट! शिवाशिव पाळायच्या नादात हे येडे स्वतःच बाद होतायत, मग आपलं काय जातंय? हाफ-टाइमला मी ओव्हाळच्या पाठीवर थाप मारली.

"आता सगळ्या चढाया तुझ्या. तूच जा सलग."

"उस्ताद, ते धरत न्हाईत मला."

"मग बरंच आहे की!"

"बरं न्हाई." तो मान खाली घालून बोलत होता. "पळवून लावायला आलोय व्हय मी? दम घेऊन जातो आन मोकळ्या वावरात फिरून येतो. ह्याला खेळ म्हनत न्हाईत. एकांदा तरी धरू द्या मला. एकानं जरी धरलं ना, तरी बास."

"धरतील, धरतील. आधी सामना जिंकू."

"आन तिकडं बघा."

त्यानं हनुवटीनं दाखवलं. मैदानाच्या खालच्या अंगाला, दोन वावरं सोडून, बांधावर वीसएक माणसं उभी होती. बाया, म्हातारे, कडेवर पोरं. गावच्या महारवाड्यातली. मैदानात यायची त्यांना मुभा नव्हती. ओव्हाळ खेळतोय हे कुणीतरी तिकडं सांगितलं होतं.

"ती बघायला आल्यात," तो म्हणाला. "ह्या मैदानात त्यांच्यातलं कुनी कधी उतरलं न्हाई म्हनं. त्यास्नी काय दिसतंय? मला बघून सगळी पळत्यात एवढंच."

मी ऐकलं आणि तरी त्यालाच पाठवत राहिलो. त्यानं हुकूम म्हणून चढाया केल्या. आम्ही एवढ्या फरकानं जिंकलो की पंचांनी आकडा दोनदा विचारून लिहिला. आमची पोरं नाचत होती. ओव्हाळ त्यांच्यात आला नाही, गाडीच्या सावलीत जाऊन बसला. त्याच्या अंगाला मातीचा एक डाग नव्हता.

अंतिम सामना चार वाजता, यजमान गावाशी. दोन वाजता मारुती आला, बरोबर दोन म्हातारी माणसं. मला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, एक इनंती हाय. त्यो गडी बसवा."

"का?"

"का म्हंजे? तुमास्नी ठावं न्हाई व्हय! आमची पोरं त्याला धरायची न्हाईत, आन न धरता हरली तर जत्रंत गावाची अब्रू जातीया."

"मग धरा की त्याला. फौजेत आम्ही रोज धरतो."

हे मी बोललो खरं, पण आवाजात जोर नव्हता. मारुतीनं माझ्याकडं बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. पुढं आयुष्यभर माझ्या अडीअडचणीला धावला. त्या दोघांतला एक म्हातारा मात्र पुढं झाला.

"जावईबापू, आमी काय तुमाला नगं म्हणतोय का? एका गड्यासाठी सोयऱ्याधायऱ्यांत इस्कोट करनार का तुमी? वैशाखात मांडव घालायचाय न्हवं?"

झालं! एवढ्यावर मी गळपटलो. बंदूक नाही, सुरा नाही, मांडवाचं नुसतं नाव. पण सुभेदार साहेब चार वाजता सामना बघायला येणार होते आणि त्यांनी पूरी टीम म्हणून बजावलं होतं. धडधाकट गडी बाहेर का, याला कारण हवं. मी लॉरीतून फर्स्ट-एडचा डबा काढला आणि ओव्हाळकडं गेलो.

"ओव्हाळ, हे घे. घोट्याला पट्टी बांध."

"कशाला? पाय बरा हाय माजा."

"पाय मुरगळला असं सांगायचं. या सामन्यात तू बसायचं."

तो उभा राहिला. लांब मारुती आणि ते दोघं उभे होते, त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याला सगळं कळलं.

"उस्ताद, हुकूम हाय का?"

तिथं मी नाही म्हणू शकत होतो. विनंती म्हणू शकत होतो. माफ कर म्हणू शकत होतो.

"हो," मी म्हणालो, "हुकूम आहे."

"जी."

त्यानं बूट काढला. खाली बसून पट्टी बांधली, एकही सुरकुती न पडू देता, शिकवतात तशी. मी यादीत त्याच्या नावापुढं जखमी असं लिहिलं आणि मास्तरांकडं दिलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना सुभेदार साहेबांची जीप आली. ते थेट ओव्हाळपाशी गेले.

"पाँव कैसा है?"

"ठीक हो जाएगा, साब."

साहेबांनी पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खुर्चीवर जाऊन बसले. बांधावर आता दीड-दोनशे माणसं होती. आजूबाजूच्या गावांतूनही आलेली. ओव्हाळ रेषेबाहेर बसला होता, पाय लांब करून. त्याला त्यांच्याकडं पाठ करून बसता आलं असतं, तो तोंड करून बसला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. तेवढ्यात आमचा एक गडी खांद्यावर आपटला आणि त्याचा हात वर होईना. पंचांनी शिटी मारली.

"बदली खेळाडू?"

मी वळलो. ओव्हाळ उभा राहिला होता. दोन्ही पायांवर, सरळ. माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हटलं असतं ना, ये, तर तो पट्टी भिरकावून आत आला असता. बांधावरची माणसंही उभी राहिली. 

"बदली नाही," मी पंचांना म्हणालो. "सहाच खेळतो."

ओव्हाळ परत खाली बसला. आम्ही तीन गुणांनी हरलो. सामना संपायच्या आधीच बांध रिकामा झाला होता. मारुतीनं मला मिठी मारली, गुलाल उधळला. त्या गुलालाची आठवण झाली की अजून मला स्वतःची किळस येते.

साहेबांची जीप आधीच गेली होती, साडेसहाला आमची लॉरी निघाली. युनिटच्या गेटवर पुढं एक लॉरी बंद पडली होती. सगळे तिला धक्का मारत होते. ओव्हाळनं ब्रेक लावला, सवयीनं खाली उडी मारली आणि धावत जाऊन मागून खांदा दिला. पायाला पट्टी तशीच. सुभेदार साहेब गेटवर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्हा दोघांना बोलावलं.

"ओव्हाळ, पाँव में कुछ नहीं था?"

"नहीं, साब."

"झूठी पट्टी किसने बाँधी?"

ओव्हाळ सावधानमध्ये उभा होता, डोळे समोर. मी त्याच्या डाव्या हाताला, एका हातावर. तो थांबला होता. माझ्यासाठी थांबला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. मी बोलायला तोंड उघडलंसुद्धा. पण माझं नाव हवालदारीसाठी गेलं होतं. खोटी यादी दिली म्हणून ते कापलं असतं. आणि मांडव.

"मैंने बाँधी, साब," ओव्हाळ म्हणाला.

साहेब माझ्याकडं वळले. "सातकर, तुम्हें कुछ कहना है?"

"नहीं, साब."

सात दिवस पिठ्ठू. म्हणजे पाठीवर लादलेली पिशवी, दुपारच्या उन्हात तासभर पळायचं. बहाणा करून खेळ चुकवला म्हणून. लान्स नाईकच्या बढतीसाठी त्याचं नाव जाणार होतं, तेही गेलं नाही. चौथ्या दिवशी मी पाण्याची बाटली घेऊन ग्राउंडवर गेलो. त्यानं बाटली घेतली नाही.

"ओव्हाळ, मी सांगतो साहेबांना."

"आता? सांगनार व्हता तर मी गप उभा व्हतो तवा सांगायचं." तो धापा टाकत होता. "पिठ्ठूचं काय न्हाई, उस्ताद. पाठ हाय, उचलती. पर बांधावर आमची मानसं उभी व्हती. त्यास्नी वाटलं असंल, गडी भ्याला आन पट्टी बांधून बसला. आता त्यास्नी कोन सांगनार?"

 लग्नानंतर त्या गावात मी शेकडो वेळा गेलो. महारवाडा मैदानापासून दोनशे पावलांवर. एकदाही गेलो नाही.

वैशाखात लग्न झालं. मला हवालदारी मिळाली. संसार चांगला झाला, कुणाबद्दल तक्रार नाही. ओव्हाळ पुन्हा टीममध्ये आला नाही. गेम्स परेडला तो कडेनं धावायचा. माझ्याशी हुकमापुरतं बोलायचा, कधी उलट शब्द नाही. त्यापेक्षा त्यानं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोनेक वर्षांनी आमची कंपनी पूर्वेकडच्या डोंगरात गेली. वर पोस्टवर रसद पोचवायची. रस्ता म्हणजे एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. ओव्हाळ सगळ्यात चांगला ड्रायव्हर, म्हणून पहिली गाडी त्याची. ती ड्यूटी मीच लावायचो. त्या दिवशी मी खाली कंट्रोल पोस्टवर वायरलेसपाशी होतो. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सेट बोलला.

"कंट्रोल, रोड गई. एक नंबर गाडी नीचे. ओव्हर."

"आदमी? ओव्हर."

"पीछे के नौ आदमी कूद गए. सब ठीक. ओव्हर."

"ड्रायव्हर? ओव्हर."

सेट खरखरत राहिला. मी पुन्हा विचारलं. मग उत्तर आलं, ड्रायव्हर गाडीबरोबर गेला. पुढच्या चाकाखालचा रस्ता खचल्यावर त्यानं ब्रेक दाबून धरला आणि मागच्यांना उड्या मारा म्हणून ओरडला. नववा माणूस उतरेपर्यंत त्यानं पाय उचलला नाही. हे त्या नऊ जणांनी नंतर लिहून दिलं.

त्याची पेटी घरी पोचवायला कुणीतरी जायला हवं होतं. मी नाव दिलं. श्रीगोंद्याच्या पुढं सात मैल चालत गेलो. घरात एकटी आई. मी टोपी काढून बसलो. तिनं पेटी उघडली नाही, नुसता हात ठेवून बसली. मग विचारलं, "तुमचं नाव काय, बाबा?"

"सातकर."

तिचा चेहरा उजळला हो! त्या घरात, त्या दिवशी! "म्हंजे तुमीच का त्ये? त्यानं लिवलं व्हतं. सातकर उस्तादांनी मला टीममधी घेतलं, गावच्या मैदानात खेळवलं. मास्तरांकडनं तीनदा वाचून घेतली ती चिठ्ठी."

मी टोपीची घडी नीट करत बसलो.

"लिवलं व्हतं, त्या गावच्या पोरांनी लई धरलं, लई पाडलं. गुडघं फुटलं, कोपरं सोलली. बांधावरच्या आपल्या मानसांनी टाळ्या वाजवल्या म्हनं." तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "मला म्हातारीला बरं वाटावं म्हनून लिवलं का खरंच, बाबा? तुमी व्हता ना तिथं?"

"होतो, मावशी," मी म्हणालो. "खरं आहे."

तिनं माझा हात कपाळाला लावला. मला तो ओढून घेताही आला नाही.

माझं वय झालं. मारुती गेला, सुभेदार साहेब गेले, ती माऊलीही कधीच गेली असेल. गेल्या साली तिथल्या मंडळानं जुने खेळाडू म्हणून सत्काराला बोलावलं, मी गेलो नाही. त्या गावातले कुणी हे वाचत असतील, विशेषतः ज्यांचे आजे-पणजे त्या दिवशी बांधावर उभे होते, त्यांच्यासाठी लिहितो आहे. तुमच्या मैदानात उतरलेला पहिला माणूस शिपाई सखाराम ओव्हाळ. एकच सामना खेळला. त्याला कुणी धरलं नाही. दुपारी त्याचा पाय चांगला होता, तो भ्याला नव्हता. भ्यालो होतो मी.